घड्याळ ठोके मोजते, काळजी नाही

जळगाव-धुळ्याकडे कॉलेजच्या मुलांपासून दुकानदारांपर्यंत अनेकांच्या मनगटावर आता स्मार्ट घड्याळ दिसते. पावले, नाडी आणि झोप मोजता मोजता यातली काही घड्याळे ‘ताण’ किती आहे, त्याचाही आकडा दाखवतात. मनातले मनगटाला कसे कळते आणि त्या आकड्यावर किती भरवसा ठेवावा, हे आपण समजून घेऊ या.

घड्याळाच्या मागे हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हा प्रकाश शोषते, म्हणून प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो आणि त्यावरून नाडी कळते. निवांत असताना दोन ठोक्यांमधले अंतर सतत थोडे बदलत असते. ताणात हा बदल कमी होतो. काही उपकरणे त्वचेवरचा बारीक घामही टिपतात.

ताण तपासण्यासाठी जर्मनीतील ट्रियर येथे तयार झालेली एक परीक्षा १९९३ साली प्रसिद्ध झाली. परीक्षकांसमोर भाषण करायचे, मग १०२२ मधून १३-१३ वजा करत जायचे. तोंडी परीक्षेला घाबरणारी मुले आम्ही शिक्षक रोज पाहतो, तोच हा प्रकार. २०१८ मध्ये जर्मनीतल्याच संशोधकांनी १५ जणांना छातीवर व मनगटावर सेन्सर लावून अशी परीक्षा घेतली. संगणकाने ताण आहे की नाही, हे ९३ टक्क्यांपर्यंत अचूक ओळखले.

पण प्रयोगशाळा वेगळी आणि घर वेगळे. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाने सुमारे ८०० तरुणांच्या मनगटावर तीन महिने घड्याळ ठेवले. २०२५ मध्ये निष्कर्ष आला, की घड्याळाचा आकडा आणि तरुणांनी स्वतः सांगितलेला ताण यांचा मेळ जवळपास बसलाच नाही. नाडी तापाने, कडक चहाने आणि आनंदानेही वाढते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा घाम भीतीचा की उन्हाचा, हे यंत्राने कसे ओळखावे?

कापसाचा भाव पडल्यावर गप्प झालेले अब्बा, पॉवरलूमवर रात्रपाळी करून झोप हरवलेला भाऊ, दहावीच्या धास्तीने जेवण सोडणारी मुलगी, यांच्या मनातले आकड्यात येत नाही. आकडा बरेच दिवस नेहमीपेक्षा वाढलेला दिसला, तर तो विचारपूस करण्याचे निमित्त समजावा. आकडा चांगला आहे म्हणून मात्र निर्धास्त राहू नये.

झोप-भूक उडणे, चिडचिड, माणसे टाळणे हे दोन आठवड्यांहून जास्त चालले, तर शेजारी बसून विचारा. ‘नमाज पढ, सगळे ठीक होईल’ एवढे म्हणून विषय संपवू नका. नमाज आणि दुआ मनाला आधार देतात. इलाज डॉक्टरकडे करून घ्यावा. दवा आणि दुआ एकमेकींच्या आड येत नाहीत.

केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही बोलता येते. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तेथे मानसोपचारासाठी जाता येते. ‘जगून काय उपयोग’ असे कोणी बोलले, तर त्याला एकटे सोडू नका आणि लगेच मदत घ्या. हा क्रमांक आजच घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये जतन करून ठेवा.