बचावाची हद्द

निसर्गात बचावाचा हक्क कुणी कुणाला दिलेला नाही. ज्याला साधले तो टिकला. कपाशी सरकीत आणि पानांत गॉसिपॉल नावाचे विष साठवते. जिवाणू हल्लेखोर विषाणूच्या डीएनएचा तुकडा जपून ठेवतात आणि तो पुन्हा आला की त्या खुणेवरून त्याला कापून काढतात. याच क्रिस्पर यंत्रणेतून जनुक-संपादनाचे तंत्र घडवणाऱ्या एमान्युएल शार्पेंतिये व जेनिफर डाउडना यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या शरीराची प्रतिकारशक्तीही शत्रू ओळखून मारते. ओळख चुकली, तर आमवातासारख्या विकारात ती आपल्याच सांध्यांवर उठते. या अतिरेकाचा जाब विचारणारे तिथे कोणी नसते.

कायदा मात्र आधी तोच विचारतो. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे स्वसंरक्षणाचा हक्क देतात; पण गरजेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा देत नाहीत.

समाजाच्या बचावात हे माप लवकर सुटते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. त्याने सरकारला अफाट अधिकार दिले, अंमलदारांना खटल्यांपासून अभय दिले. पुण्यात सोल्जरांच्या घरझडत्यांनी संताप पेटला आणि २२ जूनला चापेकर बंधूंनी तिथल्या प्लेग मोहिमेचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावर हल्ला केला. त्याच वर्षी जानेवारीत जिवाणूशास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. एकाच रोगाशी लढण्याच्या या दोन तऱ्हा.

शेतात निसर्ग आणि नियम समोरासमोर येतात. मातीतल्या जिवाणूचे विषजनुक घातलेल्या बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. विष पचवणाऱ्या अळ्या वाढू नयेत म्हणून कडेने बिगरबीटी ओळी लावण्याचा नियम होता. तो पाळणारे थोडेच निघाले. गुलाबी बोंडअळीने विष पचवले आणि २०१७ मध्ये विदर्भातल्या कापूस उत्पादकांना त्याचा जबर फटका बसला.

सर्वांत अवघड रेघ जैविक शस्त्रांची. १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार रोगजंतूंवर सरसकट बंदी घालत नाही. प्रतिबंध, संरक्षण व शांततेच्या कामासाठी ते बाळगता येतात. म्हणजे अँथ्रॅक्सची तीच कुपी लशीसाठी वैध आणि बॉम्बसाठी गुन्हा. सारा भरवसा हेतूवर. करारावर सही केलेल्या सोव्हिएत संघातील स्वेर्दलोव्स्क येथे १९७९ मध्ये लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स निसटला आणि किमान ६६ माणसे दगावली. दोष दूषित मांसावर ढकलला गेला. रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी खरे कारण मान्य केले ते १९९२ मध्ये. तरीही पडताळणीची सक्ती आणणाऱ्या वाटाघाटी २००१ मध्ये मोडल्या.

हेतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. म्हणून 'हे केवळ बचावासाठी' असे सांगणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेचे दार तपासनिसाला उघडे असलेच पाहिजे. तोवर हा करार निव्वळ शब्दावर चालणारा आहे.