आवाजाला पत्ता, नाचाला नाही

(लेखमाला : कलेची मालकी, लेखांक ५)

मागच्या भागात आपण १९५० च्या दशकातल्या अमेरिकी रेकॉर्ड कंपन्यांचा रिवाज पाहिला. कृष्णवर्णीय गायकाचं गाणं गोऱ्या गायकाकडून पुन्हा गाऊन घ्यायचं आणि तेच जास्त खपवायचं. लिटल रिचर्डचं 'टूटी फ्रूटी' पॅट बूनच्या आवाजात पॉपच्या यादीत मूळ गाण्याच्याही वर चढलं ते असंच. तरी गीतकार म्हणून रिचर्डचं नाव कागदावर टिकून होतं. आजची गोष्ट आहे ती असा कागदच नसलेल्या कलेची.

सप्टेंबर २०१९ मध्ये अटलांटाच्या उपनगरात राहणाऱ्या जलाया हार्मन या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीनं के कॅम्प या रॅपरच्या 'लॉटरी' या गाण्यावर एक नाच बसवला. हाताच्या अतिशय चपळ, गुंतागुंतीच्या हालचाली, त्यात तेव्हा मुलामुलींत चालणारे 'वेव्ह', 'वोआ' हे प्रकार गुंफलेले. ती रीतसर नृत्य शिकत होती आणि ते त्या रचनेत दिसतं. तिनं व्हिडिओ आधी फनिमेट या ॲपवर आणि मग इन्स्टाग्रामवर टाकला. तिथून कोणीतरी तो नाच टिकटॉकवर नेला आणि काही आठवड्यांत 'रेनेगेड' हे नाव जगभर झालं. तो सर्वांत जास्त लोकांपर्यंत पोचवला कनेटिकटच्या चार्ली डमिलिओ या गोऱ्या मुलीनं. लोक तिलाच त्या नाचाची 'सीईओ' म्हणू लागले. जलाया इतरांच्या व्हिडिओंखाली लिहीत राहिली, की हा नाच माझा आहे, माझं नाव जोडा. बहुतेकांनी लक्ष दिलं नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये शिकागोत एनबीए या बास्केटबॉल लीगचा ऑल-स्टार सोहळा होता. टिकटॉकवरच्या गोऱ्या नर्तकींना तिथं आमंत्रण होतं, जलायाला नव्हतं. त्याच सुमारास 'न्यूयॉर्क टाइम्स'नं तिची गोष्ट छापली, गदारोळ झाला आणि मग ती त्या मैदानावर नाचली. चार्लीनं तिला श्रेय दिलं, तिच्यासोबत नाचलीही. चार्लीनं हा नाच आपला असल्याचा दावा कधी केला नव्हता, हेही लक्षात घ्यायला हवं. १५ वर्षांच्या एका मुलीला खलनायिका ठरवून हा विषय संपत नाही, उलट त्यातलं खरं दुखणं झाकलं जातं.

ते दुखणं ॲपच्या बांधणीत आहे. टिकटॉकवर कोणताही व्हिडिओ उघडा, खाली गाण्याचं नाव सरकत असतं. त्यावर बोट ठेवलं की मूळ ध्वनीचं पान उघडतं आणि तो आवाज वापरलेले सगळे व्हिडिओ तिथं रांगेनं दिसतात. इन्स्टाग्रामच्या रील्समध्येही तसंच. गाण्यामागे संगीत कंपन्या आहेत, परवान्यांचे करार आहेत, म्हणून आवाजाला त्याचा पत्ता कायमचा चिकटलेला असतो. नाचाला असा पत्ता नव्हता. अभंगाच्या शेवटच्या चरणात नाममुद्रा असते, त्यामुळे तो कोणीही, कुठंही गायला तरी रचणाऱ्याचं नाव सोबत जातं. पंधरा सेकंदांच्या नाचात नाव गुंफायला जागाच नाही. डबस्मॅश या ॲपवर आणि इन्स्टाग्रामवर नाचणाऱ्या मुलांनी, ज्यांत कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येनं होती, यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. व्हिडिओखाली 'डीसी', म्हणजे नृत्याचं श्रेय, असं लिहून रचणाऱ्याचं खातं जोडायचं. नाच टिकटॉकवर गेला की ही रीत मागेच राहायची. मूळ व्हिडिओ जोडण्याची सोय टिकटॉकनं आणली ती मे २०२२ मध्ये. तीही ऐच्छिक.

दरम्यान २६ मार्च २०२१ ला जिमी फॅलनच्या 'टुनाइट शो' या टीव्ही कार्यक्रमात ॲडिसन रे या गोऱ्या टिकटॉक-तारकेनं आठ गाजलेले नाच करून दाखवले. प्रत्येक नाचाचं नाव फलकावर होतं, रचणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं आणि रचणारे बहुतेक कृष्णवर्णीय होते. टीका झाल्यावर फॅलननं त्यांना कार्यक्रमात व्हिडिओद्वारे बोलावलं, त्यांचे नाच त्यांच्याकडून करून घेतले. हे योग्यच झालं. पण जलायाच्या वेळी जे घडलं तेच पुन्हा घडलं: आधी नाव गळलं, मग ओरड झाली, मग भरपाई. ज्यांच्यासाठी ओरड होत नाही त्यांचं काय?

जून २०२१ मध्ये नाच रचणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांनी नाच देणंच थांबवलं. मेगन दी स्टॅलियन या रॅपरचं नवं गाणं आलं होतं. तिच्या आधीच्या 'सॅव्हेज'वर कियारा विल्सन या कृष्णवर्णीय तरुणीनं बसवलेला नाच २०२० मध्ये घरोघरी पोचला होता, त्यामुळे या गाण्यावरही लगेच नाच येणार असं सगळे धरून चालले होते. एरिक लुईस या तरुणानं नाच सुरू करण्याचा आव आणला आणि नकाराची खूण करून तो थांबला. अनेकांनी त्याचं अनुकरण केलं. मला हा संप फार महत्त्वाचा वाटतो. कागदावर कोणाचाही नोकर नसलेल्या मुलांनी आपलं काम हे काम आहे, हे ते थांबवून दाखवलं.

कारण इथं नाव म्हणजे मिळकत आहे. नावामागून अनुयायी येतात, अनुयायांमागून जाहिराती. 'फोर्ब्स'च्या अंदाजानुसार चार्लीची २०२१ ची कमाई १ कोटी ७५ लाख डॉलर होती. त्याच वर्षी एमएसएल या जनसंपर्क संस्थेनं केलेल्या पाहणीत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय इन्फ्लुएन्सरांच्या मोबदल्यात ३५ टक्क्यांची तफावत आढळली.

मग कायदा? अमेरिकेत १९७६ च्या कायद्यानं नृत्यरचनेला कॉपीराइट दिला. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यात ती नाट्यकृतीत मोडते, मात्र लेखी किंवा अन्य स्वरूपात नोंदलेली हवी. अमेरिकेची अडचण वेगळी आहे. मोजक्या हालचालींचा छोटा नाच आणि चारचौघांत नाचायचे सामाजिक नाच यांना तिथलं कॉपीराइट कार्यालय संरक्षण देत नाही. नेमके हेच नाच या मुलांचे. जकेल नाइट या कृष्णवर्णीय नृत्यदिग्दर्शकानं गायिका बियॉन्सेच्या 'सिंगल लेडीज' या गाण्याची नृत्यरचना लाबान या नृत्यलेखनाच्या लिपीत उतरवून घेतली आणि २०२० मध्ये तिचा कॉपीराइट मिळवला. पुढे कियारा विल्सनसह काही तरुणांना त्यानं नोंदणीसाठी मदत केली. गंमत म्हणजे 'सिंगल लेडीज'चीही प्रेरणा बॉब फॉसी या गोऱ्या नृत्यदिग्दर्शकाच्या जुन्या नाचाची. बियॉन्सेनं ते उघडपणे सांगितलं. उसनं घेण्याला कोणाचीच हरकत नाही. जलायानंही 'वोआ' कुठून तरी घेतलाच होता. हरकत आहे ती घेणाऱ्याला मोबदला मिळतो आणि देणाऱ्याचं नावही पोचत नाही, याला.

नोंदणी नसेल तर खटला कितपत टिकतो, याची परीक्षा डिसेंबर २०१८ मध्येच सुरू झाली होती. ब्रुकलिनच्या २ मिली या रॅपरनं आपला 'मिली रॉक' हा नाच 'फोर्टनाइट' या व्हिडिओ गेममध्ये विकला जातो म्हणून तो गेम बनवणाऱ्या एपिक गेम्स या कंपनीला न्यायालयात खेचलं. त्या खटल्याचं काय झालं, ते पुढच्या आठवड्यात.