पिवळ्यावर उठेल असा रंग

दरेकसा स्टेशनवर गाडी फार वेळ थांबत नाही. आधी गाठोडी उतरतात, मग म्हाताऱ्या, मग ढोल. शेवटी उतरणाऱ्या पोराच्या हातातला झेंडा दारात अडकतो. सगळे एकदम ओरडतात. झेंडा सुटतो आणि गाडी डोंगरगडच्या दिशेने निघून जाते. माघातली सकाळ आहे, बोलताना तोंडातून वाफ निघते. फलाटावर जिकडे पाहावं तिकडे पिवळं. पिवळा शेला, पिवळा फेटा, पिवळी साडी, शाळकरी पोरीच्या वेणीला पिवळी रिबीन. ‘जय सेवा’ म्हणत माणसं एकमेकांना भेटतात आणि धनेगावच्या रस्त्याला लागतात.

हा गोंदिया जिल्ह्यातला सालेकसा तालुका. पुढचं स्टेशन छत्तीसगडमधलं. माघ पौर्णिमेच्या आगेमागे चार-पाच दिवस इथल्या कचारगडच्या गुहेकडे गोंड समाजाची माणसं लाखांच्या संख्येने येतात. मध्य प्रदेशातून, छत्तीसगडमधून, तेलंगणातून, ओडिशातून. या गुहेत कोंडलेली तेहतीस मुलं लिंगोने सोडवली, त्यांना गोत्रं दिली, रीत दिली, असं सांगतात. सांगणारा रस्त्यात कुठेही भेटतो. माझ्या पुढे चालणारे एक काका नातवाला तीच गोष्ट सांगत आहेत. नातवाचं सगळं लक्ष फुगेवाल्याकडे.

रस्ता धुळीचा. ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकली. चालणाऱ्यांनी डांबराची कड सोडून शेतातली पायवाट धरली आहे. धान केव्हाच कापून झालं आहे, बांध्यांमध्ये नुसती धसकटं. पळस अजून पुरता फुललेला नाही. राखी फांदीवर काळपट मखमली कळ्या, आणि एखाद्याच कळीच्या टोकाला केशरी चीर. राखी, काळा, केशरी. हे तीन रंग एकत्र कुणी कापडावर छापले तर दुकानात पडून राहतील. झाडावर ते कुणाला खटकत नाहीत.

बाजाराची वर्दी भज्यांच्या वासाने मिळते. मग पोह्यांच्या कढया, चहाचे स्टोव्ह. पुस्तकांचे ठेले येतात: गोंडी लिपीची मुळाक्षरं, गोंड राजांची चित्रं असलेली कॅलेंडरं. सप्तरंगी झेंडे सगळ्या आकारांत, मोटारीच्या आरशाला लावायचेसुद्धा. जडीबुटीवाला मुळ्या मांडून बसला आहे. शेजारी मशीनवर गोंदून देणारा. त्याच्यापुढे तरुण पोरांची रांग, आणि पहिल्याच पोराचे डोळे गच्च मिटलेले. लाऊडस्पीकरवरून हरवलेल्या मुलाचा शर्ट कोणत्या रंगाचा आहे ते तीन भाषांत सांगितलं जातं. पिवळा.

पुढे मण्यांची गल्ली. पाटी लागत नाही. आडव्या बांबूंवरून माळा लोंबतात आणि कोवळं ऊन त्यांच्यावर पडलं की वाट चुकत नाही. पहिल्या आठ-दहा दुकानांत मी रेंगाळत नाही. तिथे सगळं तयार मिळतं. सोनेरी मुलाम्याचे हार, प्लास्टिकचे मोती, शिक्क्यांच्या माळा. त्यातले शिक्के हलके, कुठल्याच राज्याचे नसलेले. एका टोपलीत गुंजांच्या माळा आहेत. लाल बी, त्यावर काळा डोळा. विकणारी बाई सोबतच्या लहान मुलीला ती तोंडात घालू देत नाही. बरोबरच आहे, गुंज आतून विषारी असते.

गल्लीच्या शेवटी मोहाच्या झाडाखाली ताडपत्री अंथरलेली आहे. इथे माळा समोर ओवून मिळतात. एक मावशी आणि तिची सून. मध्ये स्टीलचं ताट, ताटात जुन्या स्वेटरचा कापलेला तुकडा, म्हणजे मणी घरंगळत नाहीत. भोवती दह्याच्या रिकाम्या डब्या. प्रत्येक डबीत एकच रंग. जांभळा, पोपटी, विटकरी, गर्द निळा, दुधी, काळा, राखाडी, शेंदरी. पिवळी डबी मात्र मागे आहे, झाकण लावलेली.

बालाघाटकडून आलेली एक मुलगी नेमकी तीच मागते.

“पिवरा घेऊन काय करशील बाई?” मावशी म्हणते. “पिवऱ्या सेल्यावर पिवरा मनी दिसल का?”

मुलगी स्वतःच्या शेल्याकडे पाहते. मावशीने तोवर दुसरीच माळ उचलून तिच्या खांद्यावर टाकलेली आहे. जांभळा आणि पोपटी, मध्येमध्ये काळा. ताटात हेच रंग डोळ्यांना टोचत होते. शेल्यावर पडताच जांभळा उठतो, पोपटी ताजा होतो. झाडाला आरसा टांगलेला आहे, पण त्यात पाहतात ते नाक-कान. रंग पाहायचा तो खांद्यावर. दिवसभर मी हेच पाहतो. बाया येतात, माळ उचलतात, खांद्यावर टाकतात, मान वाकडी करून खाली बघतात. घेतात, नाहीतर परत ठेवतात. दोन मणी एकमेकांना शोभतात की नाही, हा प्रश्नच कुणी विचारत नाही. ज्यावर माळ पडणार, त्यावर ती दिसते का, एवढंच.

मावशीकडे सुई नाही. नायलॉनच्या दोऱ्याचं टोक नेलपॉलिशमध्ये बुडवून वाळवलेलं आहे. तीच सुई. तिच्या नखांना मात्र पॉलिश नाही. ताठ झालेलं टोक ती मण्यांत खुपसते आणि वर काढते. सहा-सात मणी चढलेले असतात. अंगठ्याच्या नखाने तीन पुढे सरकवते, बाकीचे ताटात सोडते. मग एक काळा. मग तीन पोपटी. पुन्हा काळा. बोटं मोजतात, तोंड गिऱ्हाइकाशी बोलत राहतं. मणी अकरा नंबरचा आहे, म्हणजे दोन मिलिमीटरच्या आसपास. नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. अठरा इंचांच्या एका सरात असे साडेतीनशेच्या घरात मणी बसतात. तीन पदरांची माळ म्हणजे हजारावर. शेवटी गाठ. गाठीचं टोक ती उदबत्तीच्या निखाऱ्याला लावते, नायलॉन वितळून बारीकसा गोळा होतो आणि गाठ सुटायची भीती जाते. उदबत्ती देवासाठी नाही हे मला इतक्या वेळाने कळतं.

बाजूला एक माळ एकटीच लटकते आहे. तेच जांभळे, तेच पोपटी, फक्त काळा मणी नाही. जवळून बरी दिसते. चार पावलं मागे गेलो तर दोन्ही रंग एकमेकांत सांडल्यासारखे होतात आणि सगळी माळ मातकट दिसते.

“सुनेनं केली,” मावशी म्हणते. “कारा नाई घातला तं रंग भांडतेत जी.”

सून हसते, वर पाहत नाही.

पॅरिसमध्ये भिंतीवरची विणलेली चित्रं बनवणारा राजाचा कारखाना होता. तिथल्या रंगशाळेच्या प्रमुखाकडे तक्रार आली की काळा धागा फिका पडतो. त्याने तपासलं. रंगात खोट नव्हती. शेजारचे निळे-जांभळे धागे काळ्याला फिकं करत होते. रंग शेजाऱ्यावरून बदलतो, यावर त्याने १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथ छापला. मावशीचं म्हणणं एका वाक्यात बसतं आणि त्यात ‘जी’ही असतो.

निळ्याची गोष्ट वेगळी. दोन डब्यांत निळे मणी आहेत, मला दोन्ही सारखेच वाटतात. ती एकेक मणी माझ्या तळहातावर ठेवते, मग खालून शेल्याचा पदर सरकवते. एक मणी निळाच राहतो. दुसरा हिरवट होतो. तो आरपार काचेचा आहे, खालचा पिवळा त्यातून वर येतो. म्हणून इथे गच्च रंगाचा मणी चालतो. आरपारवाला ती पांढऱ्या लुगड्याच्या म्हाताऱ्यांना देते. काच आहे की प्लास्टिक हे ती गालाला लावून सांगते. काच थंड लागते. काचेचा माल कुठून येतो विचारलं तर “गोंदियाच्या बाजारातून” एवढंच. त्याच्या मागे उत्तर प्रदेशातलं पुरदिलनगर असेल, बनारस असेल, चीनही असेल. मणी कुठलाही असो, माणसाने तो ओवण्याची सवय या भागात फार जुनी. नागपूरजवळच्या माहुरझरीत लाल अकीक आणि स्फटिकाचे मणी घडवण्याचं केंद्रच होतं, उत्खननात त्यांचे अर्धवट घडलेले नमुनेही सापडले.

ऊन चढतं. स्वेटर कमरेला बांधले जातात. पाण्याच्या टँकरपुढे रांग वाकडी होत होत मण्यांच्या गल्लीत शिरते आणि रांगेतल्या बाया उभ्या उभ्या माळा पाहू लागतात. मावशीला हे आवडतं. टँकर जितका हळू, तितका धंदा. भाव अनेक भाषांत होतो. गोंडी ही मातृभाषा सांगणारे २०११ च्या जनगणनेत सुमारे तीस लाख होते, पण आदिलाबादची गोंडी आणि बालाघाटची गोंडी समोरासमोर आली की थोडं अडखळतं. मग बोटं पुढे होतात. तीन बोटं म्हणजे तीस. गिऱ्हाईक दोन दाखवतं. मावशी माळ परत बांबूवर टांगते.

एक आजी येते. गळाभर गोंदण, जुनं, हिरवट निळं. तिला लांब माळ नको. “गोंदन झाकू नोको,” ती बजावते. मावशी दोरा गळ्याभोवती धरून बघते, गोंदणाच्या वर, अगदी कंठाशी. रंग आजीच निवडते. शेंदरी आणि दुधी, आणि मध्ये एकच गर्द निळा. त्या निळ्याने खालचं गोंदण जागं होतं. हे तिने ठरवून केलं की हात सहज तिकडे गेला, कोण जाणे. विचारायचा धीर मला होत नाही. तिला घाई आहे, वर जायचं आहे.

मीही वर जातो. वाट दगडांतून चढते. खाली येणारे वर जाणाऱ्यांना वाट देतात, म्हाताऱ्यांना हात देतात. ढोल मागून येतो, पुढे निघून जातो. गुहेशी रांग थांबलेली आहे. इथून खाली पाहिलं की साग-मोहाच्या मधून पिवळ्या माणसांची लांब ओळ सरकताना दिसते. कुणाचा चेहरा ओळखू येत नाही. पण बाया कुठे आहेत ते कळतं, पिवळ्यावर गडद ठिपक्यांची कड दिसते तिथे. माळेला चार पावलांची परीक्षा पुरेशी नसते, तिने इतक्या लांबूनही दिसावं लागतं. शहरातल्या प्रदर्शनांत ‘ट्रायबल’ म्हणून लाल-काळी-पांढरी माळ ठरलेली असते. आज तशी मला दोन-तीनच दिसली.

दुपारी परत येतो तेव्हा मोहाची सावली सरकलेली आहे आणि ताडपत्रीही तिच्यामागे. सून आता एकटीच ओवते आहे. मावशी डबा उघडून भात खाते. सुनेच्या हातातली माळ वेगळी आहे. सगळी राखाडी, आणि गळ्याशी येणाऱ्या जागी एकच मोठा लाल मणी. मला ती उदास वाटते.

“हा कुठला रंग?”

“सारस,” ती म्हणते. तिचं माहेर परसवाड्याकडचं. तिथल्या तलावावर, धानाच्या बांध्यांत तिने तो लहानपणापासून पाहिलेला. जवळजवळ माणसाच्या उंचीचा राखाडी पक्षी, डोकं-मान लाल. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः याच जिल्ह्यात उरला आहे. सासूला ही माळ पसंत नाही. “राख कोन घालते गऱ्यात?” भाताचा घास घेत ती म्हणते. सकाळपासून एकही खपलेली नाही.

सून ती स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवते. पिवळ्यावर पडताच राखाडी राखाडी राहत नाही. त्यात किंचित जांभळी झाक येते. लाल मणी वर टिकून राहतो. मी जवळ जाऊन पाहतो, मणी उचलून हातात घेतो. नुसता राखाडी. परत शेल्यावर ठेवतो. जांभळी झाक.

आदिलाबादकडच्या चौघी समोर उभ्या आहेत. त्यातली मोठी माळ मागून घेते, खांद्यावर टाकते, बाकीच्या तिघी तिच्याभोवती फिरून पाहतात. बोलणं होतं ते आपसांत. मग ती चार बोटं दाखवते. चाळीस नव्हे, चार माळा, चौघींना एकसारख्या. ओवलेल्या तीनच आहेत. चौथी ओवायला राखाडी मणी भरपूर, पण मोठा लाल संपलेला. सून शेंदरी पुढे करते. मोठी तो आपल्या शेल्यावर ठेवते आणि मान हलवते. शेंदरी पिवळ्यात विरघळतो, हे तिला कुणी सांगावं लागत नाही.

सून बांबूवरची लाल मोठ्या मण्यांची तयार माळ काढते.

“पन्नासची मार तोडतेस?” सासूचा घास हातातच.

“चार जातेत ना आत्या. सकारपासून एक नाई गेली.”

कात्री भाताच्या डब्याखाली गेलेली आहे, सापडत नाही. सून दातांनी दोरा तोडते. लाल मणी स्वेटरच्या तुकड्यावर ओघळतात, दोन-तीन उडून मातीत जातात. चौघींपैकी धाकटी वाकून ते वेचते आणि ताटात टाकते, एक मात्र मुठीत ठेवते. सासूने ते पाहिलं आहे.

“आधी पैसे सांग त्यांयले,” ती म्हणते, “चारचे. आन त्या मन्याचे बी.”