परक्या नगरीतील पंगत

कोजागरीच्या रात्री घरोघरी आटीव दुधाचा नैवेद्य चंद्राला दाखविला जाईल, लक्ष्मीचे पूजन होईल आणि ज्येष्ठ अपत्याला ओवाळले जाईल. मात्र अनेक घरांत ओवाळायचे ते अपत्यच सातासमुद्रापलीकडे असेल. त्याला नोकरी उत्तम आहे, राहण्यास नीटनेटकी जागा आहे. तरीही सणाच्या दिवशी त्याच्या दारावर थाप मारणारे कोणी आहे काय, ही चिंता मातापित्यांच्या मनातून जात नाही. हीच चिंता शतकानुशतके वाहणारा आणि तिच्यावर धर्माचरणातूनच उपाय शोधणारा एक समाज आहे, तो यहुदी समाज. त्या समाजातील नोकरदार तरुण परक्या नगरीत एकमेकांचे कसे होतात, हे आज वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते.

यहुदी आपणांस सर्वस्वी अपरिचित नाहीत. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या रायगडातील, बेने इस्रायली मंडळी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. किहीमकर, पेणकर ही त्यांची आडनावे आपल्याच गावांची. ज्या विश्रांतीसाठी त्यांचा घाणा थांबे, तिचे नाव शब्बाथ. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी घरची स्त्री दीप लावते, द्राक्षरसाच्या पेल्यावर प्रार्थना होते, वस्त्राखाली झाकलेले दोन पाव उघडले जातात. मातापिता मुलांच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद देतात आणि मग सावकाश भोजन होते. शनिवारी रात्री तारे दिसू लागले की सुगंधी मसाल्याचा वास घेऊन, पिळाची मेणबत्ती पेटवून या पवित्र दिवसाला निरोप दिला जातो.

आता शिक्षण आटोपून न्यूयॉर्कला किंवा लंडनला नोकरीसाठी आलेल्या पंचविशीतील तरुणाचा विचार करावा. त्याच्या मस्तकावर हात ठेवणारे कोणी जवळ नसते. प्यू या संस्थेच्या २०२० सालच्या पाहणीनुसार अमेरिकेत यहुदी सुमारे ७५ लाख, म्हणजे शंभरात अडीचही नाहीत. शेजारी आपला मनुष्य सहज भेटावा अशी ही संख्या नव्हे. प्रार्थनामंदिरात जावे, तर तेथे बहुधा कुटुंबवत्सल मंडळींचा मेळा. विद्यार्थी म्हणून असलेला आधार सुटलेला, स्वतःचा संसार अजून मांडलेला नाही, अशी ही मधली अवस्था असते.

या अवस्थेवर तरुणांनीच एक तोड काढली. २००६ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे चार मित्रांनी आपल्या राहत्या घराचे दार समवयस्कांसाठी उघडले. त्यातूनच ‘मोइशे हाउस’ या नावाची घरे उभी राहिली आणि पुढे विसांहून अधिक देशांत पसरली. अशा घरात काही तरुण-तरुणी एकत्र राहतात. भाड्याचा काही भार संस्था उचलते, आणि त्याबदली त्यांनी शब्बाथचे भोजन, सण, अध्ययन असे कार्यक्रम आपल्याच दिवाणखान्यात घडवून आणायचे असतात. अमेरिकेत २०१४ साली सुरू झालेली ‘वनटेबल’ ही संस्था विशी-तिशीतील तरुणांना शुक्रवारचे भोजन घरी योजण्यास साहाय्य करते. येणाऱ्या पाहुण्यांच्या संख्येनुसार खर्चास थोडा हातभारही लावते.

या दोन्ही उपक्रमांचे मर्म एकच आहे, असे आम्ही मानतो. येथे पाहुण्याला यजमान केले जाते. मोठ्या सभागृहातील मेळाव्यात शंभर जणांचे हस्तांदोलन होते, पण घरी जाताना एकाचेही नाव ध्यानात राहत नाही. आठ-दहा जणांच्या पंगतीत एकाने पाव आणलेला असतो, दुसऱ्याने भाजी चिरलेली असते, तिसरा मागे राहून भांडी घासतो. पुढल्या शुक्रवारी तीच माणसे पुन्हा भेटतात. परिचयाचा स्नेह होण्यास काम आणि सातत्य लागते, आणि ही दोन्ही त्या पंगतीत आपोआप लाभतात.

या स्नेहाची खरी कसोटी दुःखात लागते. यहुदी परंपरेत मातापित्यांच्या निधनानंतर अपत्याने अकरा महिने कद्दीश ही प्रार्थना म्हणावयाची असते आणि ती एकट्याने म्हणता येत नाही. त्यासाठी दहा प्रौढ जन उपस्थित असावे लागतात. सनातनी पंथात पुरुषच गणले जातात, तर सुधारकांत स्त्रियाही. दूरदेशी पित्याच्या मृत्यूची वार्ता ऐकलेल्या तरुणाला आणखी नऊ माणसे हवी असतात. ज्यांच्याबरोबर शुक्रवारी भोजन केले, त्यांनाच तो अशा वेळी निःसंकोच हाक मारू शकतो. शोकाकुलाला एकटे राहू न देण्याची ही धर्माची योजना पाहिली की मन भरून येते.

या वाटेत अडचणी नाहीत असे नव्हे. नोकरी बदलली की माणसे गाव सोडतात आणि जमलेली पंगत विखुरते. अशा भेटींकडे केवळ विवाह जुळविण्याचे स्थान म्हणून पाहणारे वडीलधारे तेथेही आहेत. त्या दृष्टीचा तरुणांना संकोच वाटतो. तरीही रिकामी झालेली जागा पुढल्या शुक्रवारी कोणा नवागताला मिळते.

यहुद्यांचा सुक्कोथ हा सणही पौर्णिमेचाच. काही वर्षी तो भाद्रपद पौर्णिमेस येतो, तर काही वर्षी आश्विनातील. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी त्याचा आरंभ कोजागरीच्याच सायंकाळी झाला. डहाळ्यांनी शाकारलेल्या, वरून तारे दिसतील अशा मांडवात सात दिवस भोजन करावयाचे आणि अब्राहामापासून दावीदापर्यंतच्या सात पूर्वजांना एकेका दिवशी पाहुणे म्हणून पाचारण करावयाचे, असा त्याचा विधी आहे. पूर्वजांसमवेत हाडामांसाचा अतिथीही मांडवात असावा, ही त्यामागील अपेक्षा.

अतिथीला देव मानणाऱ्या आपल्या घरांना हे निराळे सांगावयास नको. परदेशातील मुलाशी दूरध्वनीवर बोलताना “जेवलास का?” असे आपण नित्य विचारतोच. यापुढे “आज कोणाला जेवायला बोलावलेस?” हेही मायेने विचारावे, एवढीच आमची विनंती. दुधाचा एक पेला अधिक भरण्यास त्याला फारसे पडणार नाही, आणि तो पेला घ्यावयास येणारा कदाचित जन्माचा सोबती ठरेल.