पाझरणारा आश्विन

पितृपक्ष सरत आला की तळवडे चौकापासून देहू-आळंदी रस्त्याच्या कडेनं ताडपत्र्या पसरल्या जातात. आधी मातीचे घट, परड्या, पिशवीत बांधलेली काळी माती आणि धान्याच्या पुड्या. मग दोन दिवस सगळं झेंडूनं पिवळंधमक. दसरा झाला की त्याच ताडपत्रीवर पणत्यांचे ढीग, बोळकी, केरसुण्या, कापसाच्या वाती आणि उटण्याची पाकिटं. मागे आयटी पार्कच्या काचा, आसपास लेथ आणि सीएनसीची वर्कशॉपं. तिथला ऑपरेटर दिवसभर मायक्रॉनमध्ये मापं घेतो आणि सुटी झाली की बाहेर येऊन डझनभर पणत्या घेतो. त्या पणतीतही तितक्याच बारीक मापाचं काम चाललेलं असतं, आणि ते कुठल्याही यंत्राशिवाय. ते उलगडून सांगायचा मोह मला आवरत नाही.

सुरुवात घटापासून करू. परडीत काळी माती पसरायची, धान्य पेरायचं, मधोमध पाण्यानं भरलेला घट ठेवायचा, वर विड्याची पानं आणि नारळ. आपण रोज थोडं पाणी शिंपडतो, पण खरी राखण घट करतो. त्याच्या पोटाला हात लावून पाहा, ओलसर लागेल. भाजलेल्या मातीत मायक्रॉनच्या घरातली असंख्य छिद्रं असतात आणि त्यांतून पाणी सावकाश बाहेर झिरपतं. त्याहून मोठं नवल पुढे आहे. भोवतीची माती कोरडी असेल तर ती पाणी जोरानं ओढते, ओली झाली की ओढ आपोआप कमी होते. म्हणजे किती पाणी द्यायचं हे रोपांभोवतीची मातीच ठरवते. यालाच शेतीत मटका सिंचन म्हणतात. चीनमध्ये इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात फान शेंगझी याच्या शेतीग्रंथात जमिनीत मडकी पुरून त्यांच्याभोवती वेल लावण्याची रीत सांगितली आहे. आपल्याकडे ती देवघरात, नऊ दिवसांच्या मुदतीनं, घरोघर चालू आहे. देवघरात उजेड कमी, म्हणून ते अंकुर उंच आणि पिवळसर वाढतात. हिरवा रंग धरायला उजेड लागतो. दसऱ्याला टोपीत आणि कानामागे खोचलेला तो पिवळा तुरा म्हणजे अंधारात वाढलेलं धान्य.

आता ही छिद्रं आली कुठून? ओली माती चाकावरून उतरवून कितीही सुकवली तरी पाण्यात टाकली की पुन्हा चिखल होते. भट्टीत मात्र साधारण 500 ते 600 अंश सेल्सिअसच्या दरम्यान मातीच्या स्फटिकांत रासायनिक बंधानं अडकलेलं पाणी निघून जातं, आणि तिथून परतीची वाट बंद होते. त्या भांड्याचा चिखल पुन्हा कधी होत नाही. आणखी बरीच उष्णता दिली तर माती वितळू लागते, काचेसारखी होते आणि छिद्रं बुजतात. चिनी मातीच्या कपाचं तेच होतं. कुंभाराची भट्टी या दोन टोकांच्या मधे थांबते. भांडं पक्कं झालं पाहिजे, पण पाझरलं पाहिजे. तापमापक हाताशी नसताना, आगीच्या रंगावर नजर ठेवून हा मधला टप्पा साधायचा, याला मी फार मोठं कसब मानतो.

हे कसब आपल्या भागात किती जुनं आहे याचा पुरावा पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी आहे. इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 अशी वर्षानुवर्षं उत्खननं केली. तिथं तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली, कुंभाराची भट्टीही सापडली. तिथली जोर्वे पद्धतीची भांडी इतकी चांगली भाजलेली आहेत की टिचकी मारली तर खणखणतात. (जोर्वे हे संगमनेरजवळचं गाव, अशी भांडी तिथं पहिल्यांदा ओळखली गेली.) घोड नदी भीमेला मिळते आणि तळवड्याच्या कडेनं वाहणारी इंद्रायणीही तुळापूरला भीमेलाच मिळते, म्हणजे दोन्ही ठिकाणं एकाच खोऱ्यातली. आजही पणत्या घेताना जाणती बाई एकेक पणती बोटानं वाजवून बघते. बद्द आवाज आला की बाजूला. तडा डोळ्याला दिसण्याआधी कानाला कळतो.

पण घटाचा गुण पणतीत अवगुण ठरतो. कोरडी नवी पणती लावली की ती तेल पिते, खालच्या रांगोळीवर तेलाचं वर्तुळ उमटतं. म्हणून विकणारे आवर्जून सांगतात, "आधी पाण्यात भिजत घाला." पणत्या पाण्यात सोडल्या की बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येतात. ती छिद्रांतली हवा, तिची जागा पाणी घेतं. भरल्या छिद्रांत तेलाला शिरकाव कठीण, कारण तेल आणि पाणी मिसळत नाहीत. तीन-चार तास भिजवून, पुसून, वरची ओल जाईपर्यंत सावलीत ठेवायच्या. फार दिवस आधी भिजवून ठेवल्या तर पाणी उडून जाईल आणि मेहनत फुकट.

ज्योत तर त्याहून थोर. पेटती काडी तेलात बुडवली तर काडी विझते, तेल पेटत नाही. तेच तेल वातीच्या टोकाशी डौलानं जळतं. कापसाच्या तंतूंमधल्या फटींतून तेल वर चढतं, गुरुत्वाकर्षणाच्या उलट. टोकाशी तापून त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. वात पूर्ण जळून जात नाही, कारण वर येणारं तेल तिला थंड ठेवतं. तेल संपलं की मग वातीची पाळी. पिवळा उजेड कशाचा, तर ज्योतीत तयार होणाऱ्या काजळीच्या तापलेल्या कणांचा. डोळ्यांत घालायचं काजळ पूर्वी ज्योतीवर वाटी धरून पाडत, ते हेच कण. मायकेल फॅरडेनं 1860 च्या नाताळात लंडनमध्ये मुलांसाठी केवळ मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. एवढ्याशा ज्योतीत ती भरायला मजकूर पुरेसा होता.

उटण्याच्या पाकिटावर नावं छापलेली असतात: आंबेहळद, कपूरकाचरी, वाळा, नागरमोथा, मुलतानी माती. त्यातल्या नागरमोथ्यापाशी मी थांबतो. नागरमोथा म्हणजे लव्हाळ्याच्या कुळातल्या गवताचे जमिनीखालचे काळपट गड्डे. शेतकरी याला वैतागतो, कारण वरून उपटलं तरी खालचे गड्डे बारीक दोऱ्यांसारख्या खोडांनी एकमेकांना जोडलेले राहतात आणि पुन्हा फुटतात. 1977 साली तणांच्या अभ्यासकांनी जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांची यादी केली, त्यात लव्हाळा पहिला आला. तळवड्याहून हाकेच्या अंतरावरल्या देहूच्या तुकोबांनी महापुरात टिकून राहणारं लव्हाळं अभंगात आणलं. त्या चिवटपणाचं बरंचसं गुपित या गड्ड्यांत आहे. तोच गड्डा धुऊन, वाळवून फोडला की मातकट, गोडसर सुगंध येतो. दिवाळीच्या पहाटेचा जो वास आपण वर्षभर आठवतो, त्यात या तणाचा मोठा वाटा आहे.

मुलतानी मातीही शेवटी मातीच, पण न भाजलेली. पणतीत तेलाला अडवावं लागतं, इथं उलट ते शोषून घेतलेलं हवं असतं. आधी कोमट तिळाचं तेल अंगात मुरवायचं, मग जास्तीचं तेल आणि मळ उटण्यानं काढायचा. पाऊस माघारी गेला की हवा कोरडी पडते, त्वचेतला ओलावा भराभर उडतो. तेलाचा पातळ थर त्याला धरून ठेवतो. उटणं पाण्यात किंवा दुधात कालवूनच लावावं, कोरडं चोळलं तर ओरखडे उठतात. लहान बाळाला नकोच. नवं पाकीट असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आत थोडं लावून खाज येते का बघावं. औषधी आहे म्हणून ते सगळ्यांना सोसतंच असं नाही.

आयुर्वेदात हा शरद ऋतू म्हणजे पित्ताचा काळ. पित्त प्रयोगशाळेत मोजता येत नाही, पण दिवसा चटका आणि पहाटे गारवा, हा ऑक्टोबर अंगाला कळतोच. चरकसंहिता शरदात दही, दिवसाची झोप आणि उन्हात बसणं टाळायला सांगते, आणि एका खास पाण्याचं कौतुक करते. त्याला नाव हंसोदक. दिवसा सूर्यानं तापलेलं, रात्री चंद्रानं निवलेलं, अगस्त्याच्या उदयानं निर्मळ झालेलं पाणी. ताऱ्यामुळे पाणी शुद्ध होत नाही, आणि आजच्या इंद्रायणीचं पाणी तर उकळल्याशिवाय तोंडाला लावू नये. पण निरीक्षण विलक्षण नेमकं आहे. भर पावसाळ्यात सूर्याच्या उजेडात दडलेला अगस्त्य पावसाळा उतरतीला लागताना पहाटे पुन्हा दिसू लागतो, आणि त्याच सुमारास नद्यांचा गढूळपणा खाली बसू लागतो. एक आकाशातली खूण, एक नदीतली.

अगस्त्य हा रात्रीच्या आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा. पहिला व्याध. ऑक्टोबरच्या अखेरीस पहाटे पाचच्या सुमारास पुण्याच्या भागात दोघेही जवळजवळ बरोबर दक्षिणेला येतात, व्याध उंच आणि अगस्त्य त्याच्या बराच खाली. म्हणजे अभ्यंगस्नानाची वेळ आणि पहिल्या पाळीच्या कंपनी बसची वेळ. तळवड्यात स्टॉपवर उभं राहून निगडीच्या बाजूला पाहिलं आणि समोर इमारत आली नाही, तर रस्त्यावरच्या दिव्यांतही तो दिसतो. दिवाळी लवकर असेल तर तो किंचित पूर्वेकडे, उशिरा असेल तर पश्चिमेकडे कललेला.

दिवाळी झाली की पणत्या टाकून देऊ नका. कोमट पाण्यात सोडा घालून घासल्या की काजळी निघते, छिद्रांत मुरलेलं तेल मात्र बरंचसं तसंच राहतं. पुढच्या वर्षी ती पणती भिजत घालावी लागत नाही. तिचं पिऊन झालेलं असतं.