आरसा जागेवर हवा

हातच्या काकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणतो. पाठीमागून येणाऱ्या ट्रकसाठी मात्र आरसा लागतो, आणि तो जागेवर असावा लागतो.

भातसानगर म्हणजे मुंबईची तहान भागवणाऱ्या भातसा धरणाजवळची वसाहत. तिथून एकदा भाच्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी भिवंडीकडे निघालो होतो. गावातल्या रस्त्यावर सगळं ठीक होतं. मुंबई-नाशिक महामार्गाला लागलो, वेग साठावर गेला आणि उजवा आरसा आत वळू लागला. भाचा हँडलवरचा हात काढून तो पुन्हा पुन्हा सरळ करी. ‘‘चालायचंच, मामू!’’ म्हणाला. पुढचा टेम्पो ओलांडायला त्यानं आरशात पाहिलं. रस्ता मोकळा दिसला. मी सहज मान वळवली, तर ट्रक अगदी मागे! मी ओरडलो, म्हणून हे सांगायला आहे.

आरसा नसेल तर माणूस मान वळवून पाहतो. फिरलेल्या आरशावर मात्र तो विश्वास ठेवतो. धोका तिथंच आहे.

आरसा वेगातच का फिरतो? वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. तीसच्या वेगाला तग धरणारा आरसा साठला हार मानतो. त्यात इंजिनाची थरथर आणि रस्त्यातले खड्डे नट सैल करत राहतात.

आरशाला सांधे दोन. एक खाली, जिथं दांडी हँडलजवळ आट्यांत बसते. दुसरा वर, काचेच्या मागे असलेल्या गोळीचा. आधी रोगी सांधा ओळखा. गाडी उभी करून एका हातानं दांडी घट्ट धरा, दुसऱ्यानं आरसा हलवा. दांडी फिरली तर दोष खाली, नुसता आरसा फिरला तर वर.

खालचा दोष पाच-दहा मिनिटांत जातो. दांडीवरचा चेकनट पान्यानं सैल करून वर घ्या. बऱ्याच गाड्यांना चौदा नंबरचा पाना लागतो. आट्यांतली माती ब्रशनं काढा. दांडी आत पुरेशी फिरवून बसवा. दोन-तीन आट्यांवर लटकती ठेवू नका. मग गाडीवर बसून आरशाची दिशा ठरवा, दांडी तशीच धरून ठेवा आणि चेकनट खाली आवळा. दांडी धरली नाही, तर नटाबरोबर तीही फिरते. जोर बेताचाच लावा. खालचा भाग बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा असतो, आटे गेले की खर्च वाढतो. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. धडक बसली तर आरसा मोडण्याऐवजी फिरावा, हा त्यामागचा हेतू. तिथं नेहमीच्या दिशेनं जोर लावू नका.

वरच्या सांध्याला मागून स्क्रू असेल तर तो आवळा. स्क्रू नसेल आणि गोळी झिजली असेल, तर आरसाच बदला. सायकलच्या ट्यूबची पट्टी अडकवून घरी पोहोचता येईल, पण तो कायमचा इलाज नव्हे. आणि तिथं तेल कधीच सोडू नका. ज्या घर्षणावर आरसा टिकतो, तेच तेलानं जातं.

शेवटी आणखी एक. बऱ्याच मोटारसायकलींचा आरसा बहिर्गोल असतो. त्यात मागचं वाहन लहान आणि लांब भासतं, आणि अगदी बाजूला आलेलं दिसतच नाही. म्हणून आरसा घट्ट केल्यावरही वळण्यापूर्वी एकदा मान वळवा.

भाच्यानं त्याच दिवशी पडघ्याला गाडी थांबवून नट आवळून घेतला. नट सैल झाला होता, एवढंच.