बुरसटलेलें धान्य

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या घरीं ज्वारीचें एक पोतें सोडलें, तों कुबट वास आला. तळाचे दाणे एकमेकांस चिकटून हिरवट-काळे झाले होते. गृहिणी म्हणाली, टाकून द्यावें. मीं मात्र, जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाच्या काटकसरीस अनुसरून सुचविलें कीं, ऊन दाखवून चाळून घ्यावें. अगदींच वाईट असेल तें गवळ्याच्या गाईस घालावें, नाहीं तर भांडीं घासणाऱ्या बाईंस द्यावें. पुढें या विषयाचें थोडें वाचन घडलें, आणि त्या सूचनेची मला लाज वाटली.

इ. स. १९७४ च्या शरदृतूंत गुजराथेंतील पंचमहाल व राजस्थानांतील बांसवाडा या जिल्ह्यांतल्या भिल्ल वस्त्यांत एकाएकीं कावीळ पसरली. रोग्यांच्या पोटांत पाणी होई व पुष्कळ दगावत. संसर्गाची सांथ असती, तर ती मका न खाणाऱ्या घरांतही शिरली असती. तशी ती शिरली नाहीं. उलट, तेंच अन्न खाणारीं त्या घरांतील कुत्रीं मात्र मेलीं! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनीं मका तपासला, तेव्हां उलगडा झाला. ऐन काढणीस अवकाळी पाऊस पडला होता. भिजलेला मका तसाच सांठविला गेला, आणि घरांत दुसरें धान्य नसल्यामुळें तोच आठवडेच्या आठवडे पोटांत गेला. नोंदलेल्या ३९७ रोग्यांपैकीं १०६ मरण पावले.

हा प्रताप ॲस्परजिलस फ्लेव्हस नांवाच्या बुरशीचा. 'फ्लेव्हस' म्हणजे लॅटिनमध्यें पिवळा. तिच्या विषाचें 'अफ्लाटॉक्सिन' हें नांव तिच्याच नांवांतील आद्याक्षरें घेऊन बनविलें आहे. जुन्या संस्कृत मास्तरास प्रत्याहार आठवावेत असाच हा प्रकार! इ. स. १९६० सालीं इंग्लंडांत लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, आणि त्यांच्या खाद्यांतील ब्राझीलच्या भुईमुगाच्या पेंडींतून या विषाचा माग लागला. आपल्याकडे तृणधान्यांत किलोमागें १५ मायक्रोग्रॅम ही त्याची मर्यादा ठरविलेली आहे; १९७४ च्या त्या मक्यांत तें याच्या चारशें ते हजार पट सांपडलें. थोडथोडें वर्षानुवर्षें पोटांत गेल्यास यकृताचा कर्करोग संभवतो, तो निराळाच.

माझ्या काटकसरीचा फोलपणा येथेंच आहे. उन्हानें बुरशीची वाढ थांबते, पण एकदां धान्यांत उतरलेलें विष त्यानें पुरतें जात नाहीं. भाकरी भाजल्यानेंही जात नाहीं. गाईस घातलें, तर त्याचा कांहीं अंश रूप पालटून दुधांत उतरतो, म्हणजे फिरून आपल्याच नातवंडांच्या पेल्यांत येतो. बाईंची मुलें तर तें सरळच खाणार होतीं.

आमच्या आजीची रीत यापेक्षां शहाणपणाची होती. दाणा दांताखालीं कट्‌ असा फुटेपर्यंत ती धान्य वाळवी, निववून मगच भरी, पोत्यांखालीं फळ्या घाली व भिंतीपासून तीं हातभर दूर ठेवी. काळे, सुरकुतलेले, फुटके दाणे ती निवडून टाकी. त्या दाण्यांतच बहुतेक विष असतें, हें तिला कोणीं शिकविलें नव्हतें.

तें पोतें मीं परसांत खड्डा खणून पुरलें. बाई पाहत होत्या. "मास्तर, एवढं धान्य मातीत घालता?" त्यांनीं विचारलें. मीं सर्व समजावून सांगितलें. क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "आमच्या दाण्याच्या डब्यालाबी असाच वास येतोय," आणि त्या दिवशीं भांडीं तशींच ठेवून घरीं गेल्या.